उजव्या मनगटावरचं घड्याळ

उजव्या हातात मी बांगड्या घालत नाही. भाकर थापताना त्या पिठाला लागतात, काचांच्या मध्ये पीठ जाऊन वाळतं, आणि एखादी टिचलीच तर काठवटीतलं सगळं पीठ फेकावं लागतं. भाकरी करून देणाऱ्या बायांचा उजवा हात असाच मोकळा असतो. डाव्या हातात माझ्या चार बांगड्या आणि तव्याच्या चटक्याचा एक जुना डाग, ज्याला रबर लागलं की खाज सुटते. म्हणून नणंदेने दिलेलं घड्याळ मी उजव्या मनगटावर बांधलं. जागा तिथेच होती. पुढचं सगळं त्यातून झालं.

अकोल्यात घराच्या पुढच्या खोलीत मी बारा वर्षांपासून ज्वारीच्या भाकरी करून देते. दिवसाला दीडशे. सकाळी ऐंशी, दुपारनंतर सत्तर. मूर्तिजापूरहून सकाळच्या गाडीने एक मावशी येतात. त्या भाजतात, मी थापते. नवरा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाला. तो फोनवर ऑर्डर घेतो आणि स्कूटरवरून पोचवतो.

माझ्या लहानपणी पाहुण्यांच्या ताटात भाकर वाढायची आईला लाज वाटायची. आता भाकर खाणारा माणूस म्हणजे डॉक्टरने सांगितलेला माणूस. सकाळी मैदानावर फेऱ्या मारणारे, मनगटावर घड्याळं बांधलेले लोक माझ्याकडून दोन-दोन भाकरी नेतात आणि एक भाकर किती ग्रॅमची ते विचारतात. त्यांच्यासाठीच मी वजनकाटा घेतला. सत्तर ग्रॅम पिठाची एक. अंदाजाने उचलला तरी माझा गोळा काट्यावर दोन ग्रॅमच्या वर चुकत नाही.

आल्यागेल्याने विचारलं, की एवढ्या भाकरी करून वहिनी थकत नाहीत का, तर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. “तिचं काय, ते तं बसूनच करते.” तो वाईट मनाने म्हणत नव्हता. मी बुटक्या स्टुलावर बसलेली असते, हे त्याला दिसत होतं, आणि जे दिसतं ते तो सांगत होता.

त्या स्टुलानेच माझे गुडघे खाल्ले, का वयाने, का वजनाने, हे मला माहीत नाही. त्रेपन्नाव्या वर्षी मी स्टुलावरून उठताना मावशींचा हात धरायला लागले. मग भिंत धरायला लागले, कारण मावशींना तवा सोडता येईना. जिना बंद झाला. नणंद अमरावतीत कॉलेजात शिकवते. तिने तिथल्या हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टरने गुडघ्याचा एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला, मला काट्यावर उभं केलं, चौऱ्याऐंशी किलो पाहिले आणि सांगितलं, “उजवा गुडघा बदलावा लागेल. पण आधी वजन. शहात्तरवर या, मी तारीख देतो. या वजनावर मी हात लावणार नाही.”

मला ते आवडलं. अट स्पष्ट होती. आठ किलो द्या, गुडघा न्या. बारा वर्षं मी वजनावरच माल दिला आहे.

त्याच दिवशी नणंदेने तिचं जुनं घड्याळ मला दिलं. तिने स्वतःला नवं घेतलं होतं. मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून दिलं, माझं वय, उंची, वजन भरलं. अ‍ॅपने सांगितलं, दिवसाला साडेतेराशे कॅलरी खा.

“आणि जास्त काम केलं तं?” मी विचारलं.

“मग ते वाढवून देते, वहिनी. जेवढं चालसान, तेवढं खायले भेटते. मोठं इमानदार यंत्र आहे.”

तिने तिच्या, माझ्या आणि धाकट्या जावेच्या नावांचा एक गटही करून दिला. रोज संध्याकाळी कोण किती पावलं चालली याची उतरंड त्यात दिसायची.

पहिल्याच दिवशी दुपारी घड्याळ मनगटावर थरथरलं. आकडा पाच हजारांच्या वर होता. मी स्टुलावर होते, समोर परात. संध्याकाळी साडेबारा हजार झाले आणि मोबाइलवर हिरव्या पट्टीत ओळ आली, की आज तुम्ही आणखी चारशे साठ कॅलरी खाऊ शकता.

मी चालले नव्हते, हे मला ठाऊक होतं. मी मूर्ख नाही. पण मी असं समजले, की पावलं हे त्याचं माप आहे. गाडीची ताकद घोड्यांत सांगतात, म्हणून बॉनेटखाली घोडे नसतात. तसं हे मेहनत मोजतं आणि पावलांत सांगतं. मला ते पटलं. आणि खरं सांगायचं तर, पटायला मी तयारच बसले होते. पाच-सहा तास थापल्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत जे होतं, ते कुठेतरी लिहिलं जातंय, ही गोष्ट मला बारा वर्षांत पहिल्यांदा दिसत होती.

आठवड्याभरात घरातली हवा बदलली. गटात रोज मी वर, नणंद नऊ हजारांवर, जाऊ चारावर. नणंदेचा फोन आला.

“वहिनी, तुमी चालता तरी कुठं एवढं? मी पहाटे उठून मैदानाले सात फेऱ्या मारून राहिली, तरी तुमच्या खालीच?”

“काम करतो ताई आमी.”

“अन् मी काय झोपा काढते?”

नवऱ्याने ते ऐकलं. त्या दुपारी त्याने चहा स्वतः केला आणि मला स्टुलावर आणून दिला. कोणी आलं की मोबाइल पुढे धरायचा. “पाह्य ना, तेरा हजार. बसल्या जागेवर नाई होत हे.” बसूनच तं करते, हे वाक्य त्या तीन महिन्यांत मी एकदाही ऐकलं नाही. आता त्याच्याकडे आकडा होता. माझ्या शब्दावर त्याने कधी विश्वास ठेवला नाही, आकड्यावर लगेच ठेवला.

आणि मी खाल्लं. हे लपवण्यात अर्थ नाही. चोरून खाल्लं नाही, हक्काने खाल्लं. दुपारचं काम संपलं की मी मोबाइल पाहायची, वाढवून मिळालेला आकडा वाचायची आणि त्यात बसेल तेवढं घ्यायची. दीड भाकर, वर तेल-तिखट आणि शेंगदाण्याची चटणी. कधी दह्यातला गिला वडा. सगळं काट्यावर मोजून, अ‍ॅपमध्ये भरून. दहा कॅलरीही वर जाऊ दिली नाही. शिस्तीत मी कधी कमी पडले नाही, हेच त्यातलं वाईट.

मावशी भाजता भाजता पाहायच्या. एकदा म्हणाल्या, “वहिनीबाई, ते घड्याळ तुमाले खायले कावून सांगते?”

“काम केलं म्हणून.”

“मी ठेसनावरून पायी येतो. मले तं कोणीच सांगत नाई.”

मी हसले. त्यांच्या हाताला घड्याळ नव्हतं, एवढंच उत्तर तेव्हा मला सुचलं.

तीन महिन्यांनी अमरावतीला गेले. सोबत नवरा आणि नणंद. मी चप्पल काढून काट्यावर चढले. सत्त्याऐंशी. एक पाय खाली घेऊन परत चढले. सत्त्याऐंशीच.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे म्हणाले, “ताई, तुम्हाला ऑपरेशन नको असेल तर सरळ सांगा. इथे रांग आहे.”

मी मोबाइल पुढे ठेवला. तीन महिन्यांचा रोजचा हिशेब, एक दिवस गाळलेला नाही. त्यांनी बोटाने वर-खाली केलं आणि थांबले.

“रोज बारा-तेरा हजार पावलं? तुम्ही?”

“हो.”

त्यांनी माझा फोटो परत उजेडावर लावला. “हा गुडघा घेऊन माणूस संडासापर्यंत जातो तेच पुष्कळ. बारा हजार पावलं चालणारा गुडघा असा नसतो. हे चालतं कोण?”

नवरा माझ्याकडे बघायला लागला. जणू मी घड्याळ दुसऱ्या कोणाला बांधून फिरवत होते.

नणंदेच्या घरी गेलो. ती शिकवणारी बाई, तिला सिद्ध केल्याशिवाय चैन पडत नाही. तिने ओट्यावरून परात खाली घेतली, ज्वारीचं पीठ काढलं, माझ्यासाठी बुटकी खुर्ची मांडली. “करा वहिनी. दहा भाकरी. उठायचं नाई.” मोबाइल स्वतःच्या हातात धरून समोर बसली.

मी थापायला लागले. पहिली भाकर झाली, ती म्हणाली, “अठ्ठ्याहत्तर.” दुसरी झाली. “एकशे चौपन्न.” पाचव्या भाकरीला ती मोठ्याने आकडे म्हणत होती. दहावी परातीतून उचलली तेव्हा सातशे सत्तर झाले होते, आणि नणंद पदराने डोळे पुसत हसत होती.

“थापा मोजून राहिलं ते! माय वं! एक थाप, एक पाऊल! वहिनी, तुमी तं बसल्या बसल्या तीन महिन्यांत आठ-दहादा पायी शेगावले जाऊन आल्या!”

नवराही हसला. आधी घशात, मग उघड. मीही हसले, कारण हसण्यासारखंच होतं. मग मी दहा भाकरी भाजून घेतल्या. पीठ वाया घालवायचं नव्हतं.

दीडशे भाकरी, दर भाकरीला पाऊणशेच्या वर थापा. गणित मला आधीही करता आलं असतं. मी दोन ग्रॅमचा फरक ओळखणारी बाई. ते केलं नाही, कारण उत्तर मला नको होतं.

“हे डाव्या हाताले बांधायचं असते,” नणंद म्हणाली. “ज्या हाताले काम कमी, त्याले.”

“तुमी सांगितलं नाई.”

“आता मले काय माहीत, तुमचा उजवा हात एवढा चालते म्हणून?”

तीस वर्षं ती माझ्या हातची भाकर खात होती.

घड्याळ डाव्या हाताला आलं. बांगड्यांतल्या दोन उतरवल्या, डागावर सुती चिंधी बांधली आणि वर पट्टा. भाकर थापताना डावा हात परातीची कड धरतो, मधून मधून भाकर फिरवतो, बाकी गप्प असतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पावलं निघाली चौदाशे. हिरवी पट्टी गेली. सकाळचे साडेतेराशेही खाली आले. दिवसभरात अपेक्षेपेक्षा कमी हालचाल झाली, म्हणून आज अकराशे ऐंशीच, अशी ओळ आली. खाली एक चित्र होतं, खुर्चीत बसलेला माणूस, आणि सल्ला, की दर तासाला उठून थोडं चाला.

अ‍ॅपमध्ये स्वतः काम भरायची सोय होती. मी त्यातली कामांची यादी सगळी वाचली. पोहणं, दोरीवरच्या उड्या, नाच, तीन प्रकारची सायकल, बर्फावरून घसरणं. अकोल्यात कोणाला बर्फावरून घसरायचं होतं माहीत नाही, पण जागा होती. भाकरी थापणं नव्हतं. सगळ्यात जवळचं होतं ‘घरकाम, हलकं’. पाच तास भरून पाहिले, तर यंत्राने विचारलं, नक्की पाच तास का? मी खोडलं.

नवऱ्याने आकडा पाहिला. “चौदाशे,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, पिशव्या बांधता बांधता, सहज, “मी म्हणतच होतो. बसूनच तं करते तू.”

आता त्याच्या बाजूने डॉक्टर होता, बहीण होती आणि यंत्र होतं. यंत्र आधी चुकलं तेव्हा माझ्या बाजूने होतं, दुरुस्त झालं आणि त्याच्या बाजूला गेलं. डॉक्टरांना पुढे मी एकदा विचारलं होतं, की बसून थापण्यात काहीच जात नाही का. ते म्हणाले, जातं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. असेल. त्यांचं शास्त्र खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण खांदा रोज दुखतो, तो कोणाला वाटतं म्हणून दुखत नाही.

तर मी अकराशे ऐंशीवर राहिले. पाच महिने. दुसरा इलाज नव्हता. गुडघा माझा होता आणि अट तीच होती. सकाळी एक भाकर, वाटीभर भाजी, ताक. दुपारी तेच, भाकर अर्धी. माझ्या हाताखालून दिवसाला दीडशे भाकरी जायच्या, गरम, फुगलेल्या, आणि त्यातली दीड माझी. पहिल्या महिन्यात दुपारी थापेत जोर येईना, भाकरीच्या कडा फाटायच्या. मावशी फाटलेल्या बाजूला काढायच्या आणि घरी न्यायच्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, “आमी बिनघड्याळाचे उपाशी राहिलो वहिनीबाई. तुमी घड्याळ घालून राहून राहिल्या.”

“वजन उतरते मावशी.”

“उतरन ना. आमचंई उतरलं होतं.”

उतरलं. सत्त्याऐंशीचे ब्याऐंशी, ब्याऐंशीचे एकोणऐंशी. केस गळाले. रंग उतरला. सकाळी भाकर न्यायला येणारी एक बाई मला म्हणाली, “वहिनी, भल्ल्या छान बारीक झाल्या हो! कोणता प्लॅन?” मी म्हटलं, “तुमच्यासारखाच. भाकरीचा.” तिला ते खरं वाटलं. पुढच्या आठवड्यात तिने दोनच्या जागी एक भाकर न्यायला सुरुवात केली.

पाचव्या महिन्याच्या शेवटी काटा शहात्तरवर आला. डॉक्टरने हात मिळवला आणि तारीख दिली. नणंदेने पेढे आणले, मग मलाच विचारलं, की एका पेढ्याचे किती होतात. मी अर्धा खाल्ला.

तारीख मिळाल्यावर घरात पहिला प्रश्न आला, की दोन महिने थापणार कोण. नवऱ्याला वाटलं, एक बाई शोधू. बसून करायचं काम आहे, मिळेल कोणीही. एक मिळाली. तरुण, धडधाकट, मोर्शीकडची, लग्न होऊन अकोल्यात आलेली. पहिल्या दिवशी साठ भाकरी झाल्या तिच्या. दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तर. चौथ्या दिवशी ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, “भाऊजी, खांदा वर होऊन नाई राह्यला. जमत नाई मले.” मग दोघी शोधल्या. एक सकाळी, एक दुपारी. दोघींच्या मिळून शंभराच्या आसपास व्हायच्या, कधी दहा वर.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. गुडघ्यात आता काय आहे ते मी विचारलं नाही, वाकतो एवढं बघितलं. सहाव्या आठवड्यात मी वॉकर घेऊन पुढच्या खोलीत येऊन बसायला लागले, उंच खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून. त्याच स्टुलावर.

तिथे बसून मी नवऱ्याला फोनवर बोलताना ऐकलं. कुठल्यातरी मेसवाल्याला चाळीस भाकरी जास्त हव्या होत्या. “नाई होत भाऊ,” नवरा सांगत होता. “शंभराच्या वर नाईच होत. काय आहे, मेहनतीचं काम आहे. दोन बाया लावल्या, तरी संध्याकाळी हात धरून बसतात बिचाऱ्या. माणसाच्या अंगाचं पाणी होते ना थापता थापता.”

तो हे अगदी मनापासून बोलत होता. फोन ठेवला, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, “चहा घेते काय?”

त्याला काही कळलं नव्हतं. आपण काय बोललो आणि कोणासमोर, हे त्याच्या गावीही नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाला असता, अवं, तुझी गोष्ट वेगळी, तुले सवय आहे.

डाव्या मनगटावर घड्याळ होतं. दिवसभरात तीनशे चाळीस पावलं, वॉकर धरून. आज अकराशे कॅलरी. मी मावशींना म्हटलं, एक भाकर द्या. त्यांनी तव्यावरची दिली. कडा जाड होत्या, मध्ये कच्ची लागली. पाणी कमी गरम, पीठ मळलेलं नाही नीट. ती खाल्ली आणि दुसरी मागितली. अ‍ॅपमध्ये भरली नाही.

मग मावशींना सांगितलं, उद्यापासून परात माझ्याकडे आणा. पीठ मी मळून देते. ते बसून करता येतं.